चार बैलांची नावे

इतिहासाच्या तासाला मुले प्रश्न विचारीत नाहीत, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. सनावळ्या फळ्यावर लिहाव्यात, मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात आणि घंटेची वाट उभयतांनी सारख्याच आतुरतेने पाहावी, असा आमचा शिरस्ता. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून संस्थाचालकांनी मराठी दिले आणि मराठीच्या मास्तराला येतोच म्हणून इतिहासही दिला. त्यामुळे मुलांनी प्रश्न विचारला नाही तर मला वाईट वाटत नाही. किंबहुना बरेच वाटते.

पण २०२३ सालच्या मार्चमध्ये आठवीच्या वर्गात महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना हा शिरस्ता मोडला. सारी सनावळी सांगून झाली, मुले जांभया देऊ लागली, तेव्हा वर्ग जागा करावा म्हणून मी आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. ती मी लहानपणी आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, तोंडून शंभरदा ऐकलेली.

आमचे घर मूळचे भोर तालुक्यातले. आबांच्या वडिलांचा धंदा घाट उतरण्याचा. चार बैलांवर गुळाच्या ढेपा लादायच्या, वरंधा घाट उतरून महाडच्या पेठेत विकायच्या आणि येताना मीठ, सुकट, नारळ लादून वर यायचे. महाडात तळ्याचा दंगा झाला त्याच्या पुढच्या वैशाखात आबा प्रथमच वडिलांबरोबर गेले. त्यांचे वय तेव्हा एकोणीस-वीस. बरोबर एक वाटाड्या होता, जातीने महार. घाटाची नवी सडक लांबून वळसे घेत जाते, म्हणून बैलवाले जुन्या पायवाटेने उतरत आणि ती वाट त्या माणसाच्या पायाखालची होती. एका अवघड वळणावर सर्जा नावाचा बैल ओझ्यासकट घसरला. वाटाड्याने धावत जाऊन त्याला खांदा दिला, म्हणून बैल वाचला. पुढे सगळ्यांनाच तहान लागली. तेव्हा त्याच माणसाने झाडीत दडलेले एक कोरीव टाके दाखवले. बैल प्याले. मग आबांच्या वडिलांनी गडू भरला, वाटाड्या खाली उकिडवा बसला, त्याने ओंजळ पुढे केली आणि वडिलांनी हातभर उंचावरून तीत धार धरली. आबा गोष्ट इथे थांबवीत आणि म्हणत, "आमचे वडील मोठे दयाळू. आधी त्याला पाजलं, मग स्वतः तोंडाला पाणी लावलं." हे सांगताना त्यांचा गळा दाटून येई.

वर्गालाही गोष्ट आवडली. मी बैलांची नावेसुद्धा सांगितली होती: ढवळ्या, पवळ्या, सर्जा आणि राजा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिने ती चारही नावे क्रमांक घालून वहीत उतरवली होती.

"सर, त्या माणसाचं नाव काय?"

"कोणत्या माणसाचं?"

"ज्यानं बैल वाचवला."

मी तोंड उघडले आणि तसाच उभा राहिलो. आबांनी चार बैलांचे रंग, वशिंडे, खोडी, सगळे सांगितले होते. कोणता बैल कुठल्या बाजारातला, कितीला घेतला, कशाने मेला, हेही सांगितले होते. त्या माणसाला ते नेहमी 'आमचा वाटाड्या' म्हणत. मलाही कधी विचारावेसे वाटले नव्हते. घंटा झाली, ती बरी झाली.

*

मे महिन्याच्या सुट्टीत एका पहाटे मी माझी जुनी मोटारसायकल काढली आणि भोरहून महाडची वाट धरली. नाव मिळेल अशी मला फारशी आशा नव्हती. पण ज्या घाटाची गोष्ट मी उभ्या आयुष्यात इतक्यांना सांगितली, तो घाट मी एकदाही नीट, उतरत-थांबत पाहिला नव्हता. एसटीच्या खिडकीतून पाहिला होता, तेवढाच.

भोर ही पंतसचिवांची राजधानी. शंकराजी नारायणांनी राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मावळातले किल्ले सांभाळले. त्यांच्या वंशजांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. भोरपासून महाड सुमारे ८० किलोमीटर. पहिला निम्मा रस्ता नीरेच्या सोबतीने जातो. आता नीरेच्या जागी नीरा-देवघर धरणाचा जलाशय आहे. मेमध्ये पाणी खोल गेले होते आणि उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेल्या होत्या. त्या गाळात कुठे कुठे जुन्या बांधांच्या रेषा दिसत होत्या. पलीकडच्या उतारावर बहावा पिवळाधमक फुलला होता. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आत्ताच पाठीवर चटके देऊ लागले होते.

डांबर जागोजाग उखडलेले. रुंदीकरणासाठी कुठे डोंगर खरवडलेला, कुठे खडीचे ढीग टाकलेले. मोटारसायकलचा आणि माझा मिळून जो आवाज होत होता, त्यात तिचा किती आणि माझ्या हाडांचा किती, हे सांगणे कठीण होते. हिर्डोशीला चहाला थांबलो. बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. नव्वदीच्या घरातले असावेत. जुन्या बैलवाल्यांविषयी त्यांना विचारले. ते म्हणाले, "तांडे जात व्हते गुरुजी. माझ्या थोरल्या चुलत्याची बैलं व्हती." आणि त्यांनी चुलत्याच्या बैलांची नावे सांगितली. वाटाड्यांची नावे विचारल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाले, "ती कशी ठाव असनार? ती मानसं वाटंपुरती."

वाटंपुरती. चहाचा कप खाली ठेवला तरी तो शब्द मनातून जाईना.

*

सह्याद्रीच्या घाटांचा इतिहास आपण लढायांचा म्हणून शिकतो. कोणत्या खिंडीत कोणी कोणाला अडवले, हे आमच्या पुस्तकात ठळक टाइपात असते. पण वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत लढाई एखाद्या दिवशी. बाकीचे दिवस घाटाने काय केले? त्याने मीठ वर चढवले. देशावरच्या माणसाच्या भाकरीतले मीठ कोकणच्या मिठागरातून येई. सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते महाडपर्यंत येत आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर चढे. गूळ, मिरची, धान्य खाली उतरे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर येई. घाटमाथ्याखालच्या पेठा आणि जकातीची ठाणी या देवघेवीवर जगली. ज्या राजाच्या हाती घाट, त्याच्या हाती देशाचे मीठ. पुष्कळ किल्ल्यांची नजर या मिठाच्या वाटांवर असे. शिवाजी महाराजांनी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हा त्यांच्या हाती नुसते जंगल आले नाही. कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या नाड्या आल्या.

वरंध्याच्या माथ्यावर असाच एक पहारेकरी आहे, कावळ्या किल्ला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी घाटातून गाडीरस्ता काढला तेव्हा या किल्ल्याची धारच कापून वाट केली. आज मोटारी त्या कापातून जातात आणि गडाचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना उभे राहतात. बऱ्याच जणांना आपण किल्ल्यातून जात आहोत हे कळतही नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि मोठा व्यापार तिच्या डब्यांत बसून निघून गेला. आडवाटेच्या घाटांवर उरले आमच्या पणजोबांसारखे चार बैलांचे धनी.

कापाच्या अलीकडे-पलीकडे घाटाची खरी उंची कळते. देशाकडून आलेला रस्ता सपाटीवरून आल्यासारखा येतो आणि एकाएकी समोरची जमीन संपते. खाली कोकण पसरलेले. उन्हाच्या वाफेत पांढुरके झालेले डोंगर एकामागे एक. इथेच वाघजाईचे देऊळ आहे, चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि गिऱ्हाइकांपेक्षा जास्त माकडे आहेत. उतरण्याआधी घाटदेवतेला नारळ वाढवायची चाल जुनी आहे. मी बैलवाल्याचा वंशज, मीही वाढवला. निम्मा माकडाने नेला.

टपरीवर पाण्याच्या बाटल्या होत्या. दोन घेतल्या, चाळीस रुपये झाले. मग देवळाच्या वरच्या अंगाला चढलो. तिथे कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. उन्हाने कातळ असा तापला होता की हात टेकवेना. पण टाक्यावर वाकलो तर आतून गार झुळूक आली. पाणी खाली गेलेले, हिरवट, तरी होते. पावसाळ्यापूर्वीचा महिना, वर कुठे झरा दिसत नाही आणि कातळाच्या पोटात पाणी आहे! ते कोरणाऱ्याला दगडाची शीर कळत होती. पाऊस कुठून वाहतो, कुठे मुरतो, कुठे टिकतो हे कळत होते. छिन्नीचे घाव अजून भिंतीवर दिसतात. त्या घावांवरून मी बोट फिरवले.

आबांच्या गोष्टीतले टाके हेच, असे मी म्हणत नाही. अशी टाकी या डोंगरांत पुष्कळ आहेत. पण त्या कातळावर बसल्यावर आबांची गोष्ट मला पहिल्यांदाच उलटी दिसली. टाके कोणाला ठाऊक होते? वाटाड्याला. तहानलेल्या दोन माणसांना आणि चार बैलांना पाण्यापर्यंत कोणी नेले? त्याने. मग पाणी कोणी कोणाला पाजले? आमच्या पणजोबांनी त्याचेच पाणी त्याला उंचावरून दिले, त्याच्याच ओंजळीत, आणि घरी आल्यावर त्याचे नाव दया ठेवले. चार पिढ्या आम्ही ती दया मिरवली. मीही मिरवली. पंधरा वर्षांपूर्वीच्या माझ्या एका कादंबरीत ती जशीच्या तशी आली आहे आणि एका समीक्षकाने त्या प्रसंगाला 'माणुसकीचा झरा' म्हटले, तेव्हा मी ते कात्रण जपून ठेवले होते.

*

उतार सुरू झाला. घाटाची कोकणबाजू वर्षानुवर्षे पावसाने फोडलेली आहे. दर पावसाळ्यात कुठेतरी दरड येते, कुठेतरी रस्ता खचतो आणि वाहतूक बंद पडते. २२ जुलै २०२१ रोजी याच डोंगरांच्या पायथ्याला, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. उन्हाळ्यात जे पाणी कातळात शोधावे लागते, ते पावसाळ्यात असे येते. त्या माणसांची नावे चार दिवस वर्तमानपत्रांत छापून आली. मी ती तेव्हा वाचली होती. वळणावर थांबून एखादे आठवते का पाहिले. एकही आठवले नाही.

पुढे वळण संपता संपता मागच्या चाकाने हाय खाल्ली. पंक्चर. अकरा वाजून गेले होते. कोकणचे ऊन देशावरच्या उन्हासारखे कोरडे नसते. ते ओल्या फडक्यासारखे अंगाला चिकटते. दोन्ही बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. तासभर गाडी ढकलीत उतरलो. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले तेव्हा रस्त्याकडेला एक घर दिसले. अंगणात फणसाची सावली होती. मी काही बोलण्याआधीच आतून एक प्रौढ बाई बाहेर आली, माझा अवतार पाहिला आणि तांब्या-पेला घेऊन आली.

"बसा आधी. लगेच पिऊ नका, दम खा."

मी पेला घेतला आणि घरच्या सवयीने तोंडापासून वर धरून पाणी ओतू लागलो. निम्मे शर्टावर सांडले. बाई हसली.

"तोंड लावून प्या की! आमच्याकडे चालतं."

मी तोंड लावून प्यालो. तीन पेले प्यालो. मग तिने विचारपूस केली. कोण गाव? नाव काय? कुठल्या शाळेत? मुले किती? खेड्यात पाण्यामागोमाग नाव विचारतातच. पाणी दिलेला माणूस कोण, हे कळल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. माझे आडनाव ऐकून क्षणभर तिचा चेहरा बदलला की मला तसा भास झाला, कोण जाणे. तिच्या मुलाने स्कूटरवर नेऊन खालच्या गावातून चाक दुरुस्त करून आणले आणि ठरलेल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. मी आभार मानून वरंध, बिरवाडी मागे टाकीत निघालो. डावी-उजवीकडे शिवथरघळीच्या पाट्या होत्या. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती हीच जागा, असे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली दाखवून दिले. एरवी वळलो असतो. त्या दिवशी वळलो नाही.

*

महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत. डोंगराच्या कडेला कोरलेली बौद्ध भिक्षूंची वस्ती, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांपासूनची. तिथल्या एका प्राकृत लेखात कानभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची नोंद आहे: एक चैत्यगृह, आठ खोल्या, दोन्ही बाजूंना मिळून पाण्याची दोन टाकी आणि लेण्याला जोडणारी वाट. त्या काळी टाक्याला 'पोढी' म्हणत. राजपुत्राने देवळाबरोबर पाणी दिले आणि पाण्यापर्यंत जायला वाट दिली, हे मला फार मोलाचे वाटते. नुसते पाणी असून भागत नाही; तिथवर जाण्याची वाट मोकळी असावी लागते. अठराशे वर्षांपूर्वी या गावाच्या वेशीवर ते कोणाला तरी समजले होते. राजपुत्राचे नाव दगडात राहिले. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचे घाव राहिले.

आणि त्याच गावात चवदार तळे आहे. मी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. दगडी काठ, पायऱ्या, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा. इथे जे घडले ते मी वर्गात वीस वर्षे शिकवीत होतो; पायरीवर बसून मनाशी पुन्हा म्हटले तेव्हा ते मला निराळे ऐकू आले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला: सरकारी पैशाने चालणारी सर्व पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले झाल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर गुरे पीत होती, इतर धर्मांची माणसे भरीत होती. फक्त अस्पृश्य हिंदू जाऊ शकत नव्हता. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी खटपटीत होती. खांद्यावर भाकरीची गाठोडी टाकून माणसे डोंगर तुडवीत आली. आणि त्या परिषदेला प्यायला पाणी नव्हते. चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले.

हा तपशील मी पुस्तकात अनेकदा वाचला होता आणि वर्गात एकदाही सांगितला नव्हता; परीक्षेला येत नाही म्हणून. त्या दिवशी खिशातल्या दोन बाटल्यांच्या पावतीसारखा तो हाताला लागला. मी चाळीस रुपये दिले ते माझ्या आळसाचे. घरून पाणी न्यायला विसरलो म्हणून. त्यांनी दिले ते पाण्याने भरलेल्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर बसून.

२० मार्चला परिषद उठली आणि माणसे रांगेने तळ्यावर गेली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरून पाणी प्याले. मागोमाग सारे प्याले. कोणी उंचावरून धार धरली नव्हती. आपली ओंजळ, आपले पाणी. नंतर अस्पृश्य मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी मारले गेले. त्याला आबा 'तळ्याचा दंगा' म्हणत. मार खाणारे एकीकडे आणि मारणारे दुसरीकडे होते. दंगा हा शब्द दोघांना एकाच पोत्यात घालतो, हेही मला तेव्हाच उमजले. मग शेणगोमूत्र, दही वगैरे घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. कोर्टाचा मनाईहुकूम होता, म्हणून बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचे थांबवले; पण २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. तळ्याचा खटला चालत चालत १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाली निघाला आणि तळे सर्वांचे ठरले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

आमचे पणजोबा या दहा वर्षांत दर उन्हाळ्यात महाडला गूळ विकत होते. ते मारणाऱ्यांत नव्हते, हे मी आबांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. ते सज्जन होते. घसरलेल्या बैलासाठी रडणारे होते. आणि तरीही, ज्या माणसाने त्यांना पाणी दाखवले त्याच्या ओंजळीपासून त्यांचा गडू हातभर उंच होता. दुष्टांचा इतिहास लिहिणे सोपे असते. सज्जनांच्या त्या हातभर अंतराचा इतिहास लिहिणे कठीण जाते, कारण तो आपल्या घरातून सुरू होतो.

मी पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला. आणि एकदम ध्यानात आले, की ज्या बाईने मला दुपारी तीन पेले पाणी पाजले, तिने माझे नाव, गाव, शाळा सारे विचारले होते. मी तिचे नाव विचारले नव्हते.

*

रात्री महाडात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत घाट चढलो. त्या घरापाशी थांबलो. बाई अंगण झाडत होती. मला पाहून तिला वाटले, गाडी पुन्हा बिघडली.

"तसं नाही, बाई. काल तुमचं नाव विचारायचं राहिलं."

ती आधी हसली. मग थोडी संशयाने पाहू लागली. "नाव कशाला पायजे? सरकारी काय हाय का?"

"नाही. पाणी प्यालो तुमच्याकडे, म्हणून."

तिने केरसुणी खाली ठेवली, पदर सावरला आणि नाव सांगितले; नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, शाळेतल्या हजेरीला उभे राहिल्यासारखे. ते इथे छापण्याची परवानगी मी मागितली नाही, म्हणून छापत नाही. माझ्या वहीत आहे. तिने पुन्हा पाणी दिले आणि वर वाटेसाठी करवंदांची पुडी बांधली.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी नववीत गेली होती. मधल्या सुट्टीत तिला बोलावून सांगितले, की मी घाटात जाऊन आलो, पुष्कळांना विचारले, पण त्या माणसाचे नाव मिळाले नाही. आमच्या घरातच ते कोणी जपून ठेवले नाही, तर घाटात ते कुठून सापडणार? गोष्ट मी चुकीची सांगितली होती हेही सांगितले. पाणी त्याने आम्हांला दिले होते.

ती काही बोलली नाही. दप्तरातून गेल्या वर्षीची वही काढली. ढवळ्या, पवळ्या, सर्जा, राजा ही चार नावे तिथे होती. त्यांच्या खाली तिने ५ हा आकडा घातला, त्यापुढे एक रेघ ओढली आणि ती रेघ कोरी ठेवून वही मिटली.